एव्हबरीला अख्खा दिवस द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडच्या सहलीवर आलेल्या लेखात लंडनहून एका दिवसात स्टोनहेंज, बाथ आणि वाटेत 'एखादं टुमदार खेडं' बघून परतण्याचा बेत सुचवला आहे. सहल कंपन्यांच्या पत्रकांत हाच बेत वर्षानुवर्षं छापून येतो. वर्तमानपत्रानंही तोच पुढे करावा, हे काही पटलं नाही. हिशेब साधा आहे. लंडन ते स्टोनहेंज बसनं दोन ते अडीच तास, तिथून बाथ तासाभराहून थोडं जास्त, आणि बाथहून लंडन अडीच-तीन तास. म्हणजे सहा-साडेसहा तास बसच्या खुर्चीत. उरलेला वेळ तिकिटाच्या रांगा, जेवण आणि माणसं मोजण्यात जातो. खेड्याच्या वाट्याला चाळीस मिनिटं येतात आणि त्यातली निम्मी स्वच्छतागृहाबाहेर. बेंगळुरूच्या माणसाला वेरूळ-अजिंठा-शिर्डी एका दिवसात दाखवण्यातलाच हा प्रकार.

स्टोनहेंज बघूच नका, असं आमचं म्हणणं नाही. पण पाच हजार वर्षांपूर्वीच्या दगडांना हात लावायचा असेल, त्यांच्यामधून चालायचं असेल आणि त्याच वर्तुळात वसलेल्या गावात दुपारचं जेवण घ्यायचं असेल, तर त्याच विल्टशर परगण्यात थोडं उत्तरेला एव्हबरी आहे. दोन्ही ठिकाणं 1986 साली युनेस्कोच्या यादीत एकत्रच दाखल झाली. स्टोनहेंजचं मोठ्या दगडांचं कडं साधारण तीस मीटर व्यासाचं, तर एव्हबरीचं बाहेरचं वर्तुळ सुमारे 330 मीटरचं. जगातलं सर्वांत मोठं शिळावर्तुळ ते हेच. त्याच्या आत आणखी दोन वर्तुळं होती, त्यांचे अवशेष आजही उभे आहेत. आणि या सगळ्याच्या मधून गावाचा रस्ता जातो, घरं आहेत, पब आहे, चरायला सोडलेल्या मेंढ्या आहेत. वर्तुळ बघायला तिकीट नाही. स्टोनहेंजला वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं आणि एरवीच्या तिकिटावर दगडांपासून काही अंतर राखूनच फिरावं लागतं.

आधी जायचं कसं, ते. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून स्विंडनला रेल्वेनं साधारण तासभर लागतो. स्विंडनहून डिव्हायझेस-ट्रोब्रिजकडे जाणारी 49 क्रमांकाची बस अर्ध्या तासाच्या आसपास एव्हबरीत 'रेड लायन' पबच्या दारात सोडते. रेडिंग, स्लाव या बाजूला मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना तर हे फारच सोयीचं, कारण पॅडिंग्टन-स्विंडन मार्ग त्यांच्याच दारावरून जातो. साठी ओलांडलेल्या कुणालाही सीनिअर रेलकार्ड मिळतं. त्यासाठी ब्रिटनचा रहिवासी असण्याची अट नाही आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. नवरा-बायको किंवा दोन मित्र कायम एकत्रच फिरणार असतील, तर दोघांच्या नावाचं 'टू टुगेदर' कार्ड घ्यावं, पण ते सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत चालत नाही. आठ वाजताच्या गाडीत बसलात तर तपासनीस पूर्ण तिकिटाचे पैसे मागणार आणि त्यात त्याची चूक नसणार.

फसगत होते ती बसमध्ये. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात आणि संध्याकाळची शेवटची बस आपल्या सवयीच्या मानानं फार लवकर असते. गावात टॅक्सीतळ नाही, रिक्षाचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे सकाळी उतरल्याबरोबर पहिलं काम करायचं ते थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून घ्यायचं. इंटरनेटवरचं वेळापत्रक जुनं असू शकतं, थांब्यावरचं सहसा ताजं असतं. शेवटच्या बसवर भिस्त न ठेवता तिच्या आधीची पकडावी. ती चुकली तर निदान आणखी एक हातात राहते.

गाडी चालवणार असाल तर भारतीय परवान्यावर पर्यटकाला बारा महिन्यांपर्यंत चालवता येते आणि वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आहे. दोन गोष्टी मात्र घरून निघतानाच मनात पक्क्या कराव्यात. चौकातल्या गोल चकरीत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हॉर्न वाजवून घुसायचं नाही. आणि खेड्यातला रस्ता एका गाडीपुरताच असेल, तर समोरची गाडी दिसल्याबरोबर जवळच्या रुंद जागेत थांबायचं. तशी जागा आपल्या मागे असेल तर मागे आपणच घ्यायचं. एव्हबरीत गाडी गावाच्या दक्षिणेला वारसा जपणाऱ्या 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेच्या वाहनतळावरच लावावी. गावातल्या गल्लीत लावलेली गाडी कुणाच्या तरी फाटकासमोरच येते.

आता प्रत्यक्ष वर्तुळ. बहुतेक लोक बसमधून उतरतात, समोरच्या दोन दगडांपाशी फोटो काढतात आणि झालं म्हणतात. तसं करू नका. आधी बाहेरचा खंदक आणि त्याच्या पलीकडचा मातीचा बांध नीट बघा. हा खंदक मुळात सुमारे नऊ मीटर खोल होता. आज दिसतो त्याच्या दुपटीहून जास्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅरल्ड सेंट जॉर्ज ग्रे यांनी तळापर्यंत खणलं, तेव्हा खाली हरणाच्या शिंगांच्या कुदळी सापडल्या. धातूचं एकही अवजार हाताशी नसताना पांढऱ्या खडूचा खडक शिंगांनी उकरून, पाट्यांनी वर काढून हा सव्वा किलोमीटर घेराचा बांध घातला आहे. इ. स. पू. 2850 ते 2200 या काळात हे काम टप्प्याटप्प्यानं झालं. नवा असताना हा बांध पांढराफेक दिसत असणार. आज त्यावर गवत आहे. ते गवतच त्याला धरून ठेवतं. म्हणून जिथं कुंपण घालून बांधाचा तुकडा बंद केलेला दिसेल, तिथं वरून उडी मारून जायचं नाही. पायांनी गवत गेलं की खाली खडू उघडा पडतो, पावसात वाहतो आणि बांधाला घळ पडते. ट्रस्ट आळीपाळीनं तुकडे बंद ठेवतो तो यासाठीच.

हे दगड सारसन जातीचे. सिलिकेनं घट्ट बांधला गेलेला वाळूचा दगड, प्रचंड कठीण. आसपासच्या मार्लबरो टेकड्यांवर ते आपसूक विखुरलेले पडलेले असत. एव्हबरीकरांनी ते घडवले नाहीत, जसे मिळाले तसे उभे केले. स्टोनहेंजच्या मंडळींनी मात्र त्यांना तासून, खोबणी पाडून वर आडवे दगड बसवले. 2020 साली झालेल्या रासायनिक तपासणीत स्टोनहेंजच्या बहुतेक सारसन शिळा मार्लबरोजवळच्या वेस्ट वुड्स या जंगलातून गेल्याचं दिसून आलं. म्हणजे स्टोनहेंजचं माहेर एव्हबरीच्या शेजारात आहे. एव्हबरीच्या उत्तरेकडच्या प्रवेशावर रस्त्याच्या अगदी कडेला पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा 'स्विंडन स्टोन' उभा आहे. हा कधीच पडला नाही, असं मानतात. आतल्या उत्तर वर्तुळातल्या 'कोव्ह' या शिळांच्या गटातल्या एका शिळेचा जमिनीखालचा भाग 2003 साली तपासला, तेव्हा ती तीन मीटरपर्यंत खाली गाडलेली असावी आणि तिचं वजन शंभर टनांच्या घरात असावं, असा अंदाज निघाला.

वर्तुळात ठिकठिकाणी काँक्रीटचे बुटके खुंट दिसतील. त्यांना मैलाचे दगड समजू नका. जिथं शिळा होती आणि आता नाही, तिथं ते बसवले आहेत. शिळा गेल्या कुठे, याचं उत्तर गावातल्याच घरांच्या भिंतींत आहे. चौदाव्या शतकात गावकऱ्यांनी बऱ्याच शिळा खड्डे खणून त्यांत आडव्या करून पुरल्या. नैर्ऋत्येकडच्या अशाच एका शिळेखाली 1938 साली एका माणसाचा सांगाडा सापडला. त्याच्याजवळ कात्री, एक टोकदार हत्यार आणि 1320च्या आसपासची नाणी होती. त्यावरून तो न्हावी-शल्यवैद्य असावा असा तर्क झाला आणि त्या शिळेचं नाव 'बार्बर स्टोन' पडलं. शिळा अंगावर पडून तो मेला, ही कथा गाइड रंगवून सांगतात. अलीकडचे अभ्यासक मात्र तो आधीच मेलेला असावा, असं मानतात.

सतराव्या-अठराव्या शतकांत पुरण्याऐवजी फोडणं सुरू झालं. त्याची पद्धत विल्यम स्ट्यूकली या अभ्यासकानं 1719 ते 1724 या काळात इथं येऊन डोळ्यांदेखत टिपून ठेवली. शिळा खड्ड्यावर आडवी करायची, खाली गवताचा पेंढा आणि लाकडं पेटवायची, दगड चांगला तापला की त्यावर थंड पाण्याची सरळ रेघ ओतायची आणि त्या रेघेवर घण घालायचे. एरवी छिन्नीला दाद न देणारा सारसन त्या रेघेवर उकलतो. ते तुकडे घरांत, गोठ्यांत, कुंपणांत गेले. हाय स्ट्रीटवरच्या जुन्या घरांच्या भिंतींकडे निरखून पाहिलं, तर राखाडी सारसनच्या कडेला, कोपऱ्यांत आणि खिडक्यांच्या चौकटींभोवती विटा दिसतात. सारसनला काटकोनात घडवणं जमत नाही, म्हणून कोपरे विटांचे. ही एक खूण कळली की गावभर फिरताना कुठली भिंत शिळा फोडून उभी राहिली, हे तुमचं तुम्हाला ओळखता येतं.

आज जे उभं दिसतं, त्यातलं बरंचसं अलेक्झांडर कीलर या माणसामुळे. डंडीच्या मार्मालेड बनवणाऱ्या घराण्यातला हा श्रीमंत गृहस्थ. त्यानं 1930च्या दशकात जमीन विकत घेतली, पुरलेल्या शिळा शोधून पुन्हा उभ्या केल्या, हरवलेल्यांच्या जागी खुंट बसवले आणि 1943 साली सगळं नॅशनल ट्रस्टला शेतजमिनीच्या भावानं विकलं. त्यानं वर्तुळातली काही घरंही पाडायला लावली. हे गावातल्या सगळ्यांना आवडलं नव्हतं आणि ते समजण्यासारखं आहे. वारसा जपताना राहती माणसं हलवायची की नाही, हा वाद आपल्याकडे रायगडच्या पायथ्यापासून हंपीपर्यंत चालू आहेच. कीलरचं संग्रहालय जुन्या तबेल्यात आणि सतराव्या शतकातल्या गवताने शाकारलेल्या मोठ्या कोठारात आहे. त्याला तिकीट आहे. पाऊस आला तर तिथंच जावं.

वर्तुळाबाहेर पश्चिमेला सेंट जेम्स चर्च आहे. लोक ते सोडून देतात, म्हणून मुद्दाम लिहितो. त्याचा काही भाग हजार वर्षांपूर्वीच्या सॅक्सन काळातला आहे. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावर कोरलेला बिशप आणि त्याच्या पायाशी वळवळणारे सर्पासारखे प्राणी दाराजवळच आहेत. आत वर पंधराव्या शतकातली लाकडी सज्जाची जाळी दिसते. धर्मसुधारणेच्या काळात असे सज्जे मोडायचा हुकूम निघाला, तेव्हा इथल्या लोकांनी ती भिंतीआड दडवली आणि 1810 साली ती पुन्हा सापडली. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावं.

खरा दिवस मात्र वर्तुळाबाहेर चालण्यात आहे. पूर्ण फेरी दहा किलोमीटरच्या आसपास होते आणि थांबत, बघत चार तास सहज लागतात. सोबत ऑर्डनन्स सर्व्हेचा 'एक्सप्लोरर 157' हा नकाशा घ्यावा, 1:25,000 प्रमाणाचा. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवलात तरी चालेल, पण नेटवर्क मिळेल असं धरून निघू नका. वाटांवरच्या खांबांवरचे बाण वाचायला शिका. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी जायची वाट, निळा म्हणजे पायी, सायकल आणि घोड्यावरून. शेत कुणाचंही असो, बाण असलेल्या वाटेवरून जायचा कायदेशीर हक्क प्रत्येकाला आहे. वाट सोडून शेतात शिरायचा नाही. फाटक ज्या स्थितीत मिळालं त्याच स्थितीत ठेवायचं. बंद होतं तर आपल्यामागे लावायचं, उघडं बांधून ठेवलेलं होतं तर तसंच राहू द्यायचं. कळपाला पाण्यावर जायचं असतं.

दक्षिणेच्या प्रवेशातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की 'वेस्ट केनेट ॲव्हेन्यू' सुरू होतो. दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं शिळा लावलेला हा राजमार्ग पूर्वी अडीच किलोमीटरच्या आसपास लांब होता आणि त्यात शंभराच्या आसपास जोड्या होत्या. कीलरनं उत्तरेकडचा तुकडा उभा केला. जोडीत बऱ्याचदा एक शिळा उंच-सडपातळ आणि दुसरी रुंद चौकटच्या आकाराची असते. याचे स्त्री-पुरुष असे अर्थ लावतात. ज्याला जे पटेल ते घ्यावं. त्याच्या दुसऱ्या टोकाला ओव्हरटन टेकडीवर 'सँक्च्युअरी' आहे. तिथं पोहोचून फार निराशा होते, कारण उभी शिळा एकही नाही. 1724च्या सुमारास ती फोडून नेली. मॉड कनिंग्टन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी 1930 साली ती जागा पुन्हा शोधली. आता लाकडी खांबांच्या आणि शिळांच्या जागा दोन प्रकारच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांनी दाखवल्या आहेत. वेळ कमी असेल तर हे टोक खुशाल गाळा. इथूनच 87 मैलांची 'रिजवे' पायवाट सुरू होते, हे तेवढं लक्षात ठेवावं.

जे गाळायचं नाही, ते वेस्ट केनेटचं लांबडं थडगं. शंभर मीटर लांबीचा मातीचा उंचवटा, इ. स. पू. 3650च्या आसपासचा, म्हणजे वर्तुळाच्याही कित्येक शतकं आधीचा. A4 हमरस्त्यापासून वर चढत जाणारी आठएकशे मीटरची वाट आहे. पूर्वेच्या टोकाला प्रचंड शिळांची आडभिंत आहे, तिला वळसा घालून आत शिरलं की बोळ आणि त्याला लागून पाच दालनं. बोळात माणूस ताठ उभा राहू शकतो. आत छत्तीसएक जणांच्या अस्थी सापडल्या. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. आधी मृत आत ठेवणं जेमतेम पंचवीस-तीस वर्षंच चाललं, पुढे शतकानुशतकं माती, भांड्यांचे तुकडे टाकून ते भरत नेलं आणि शेवटी दार शिळांनी बंद केलं. टॉर्च लागतोच. आतल्या एका शिळेवर हात फिरवला तर बाकी खरबरीत दगडात मधेच बोटाला गुळगुळीत पट्टा लागतो. दगडी कुऱ्हाडी घासून तिथं धार लावलेली आहे. 1955-56 साली इथं उत्खनन करणाऱ्यांत स्टुअर्ट पिगट होते. दुसऱ्या महायुद्धात ते भारतात हवाई छायाचित्रांच्या कामावर होते आणि भारताच्या प्रागैतिहासाचा त्यांनी अभ्यास केला, त्यामुळे आपल्याकडच्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना हे नाव परकं नाही. आत मेणबत्ती, उदबत्ती लावू नका. शिळांवर काजळी धरते, उष्णतेनं पापुद्रे सुटतात. फुलं-नाणी ठेवण्याची हौसही नको.

A4 ओलांडताना जपा. झेब्रा पट्टे नाहीत, सिग्नल नाही आणि गाड्या वेगात येतात. ओलांडल्यावर समोर सिल्बरी टेकडी. टेकडी म्हणतात खरी, पण ती हातांनी रचलेली आहे. इ. स. पू. 2400च्या सुमाराची, तीस मीटरहून उंच, सुमारे पाच लाख टन खडूची. आत राजाचं थडगं असेल म्हणून 1776 साली माथ्यावरून विहिरीसारखा खड्डा खणला, 1849 साली बाजूनं बोगदा मारला, 1968 ते 70 दरम्यान पुन्हा बोगदा मारला. ना राजा सापडला ना सोनं. उलट 2000 साली माथ्यावर ते जुनं भोक खचून मोठा खड्डा पडला आणि 2007-08 मध्ये आतल्या पोकळ्या खडूनं भराव्या लागल्या. म्हणून वर चढायला बंदी आहे. समाजमाध्यमांवर माथ्यावरचे फोटो दिसतात. ते बघून कुंपण ओलांडू नका. थांबून बघायची जागा पायथ्याशी केलेली आहे आणि टेकडीचा आकार तिथूनच नीट कळतो.

सिल्बरीपासून केनेट नदीच्या काठानं परत एव्हबरीचं वाहनतळ गाठता येतं. इथं हिवाळी पाहुण्यांची हमखास पंचाईत होते. केनेटचा हा वरचा भाग खडूच्या भूजलावर चालतो. उन्हाळ्याच्या शेवटी पात्र कोरडं पडतं आणि पावसाळी हिवाळ्यानंतर, विशेषतः जानेवारी ते एप्रिल, झरे वर येऊन वाट पाण्याखाली जाते. पाऊस थांबून आठवडा झाला तरी पाणी ओसरत नाही, कारण ते आकाशातून नाही, जमिनीतून येतं. अशा वेळी आलेल्या वाटेनंच परतावं. ओला खडू साबणासारखा निसरडा असतो, त्यामुळे पांढऱ्या तळव्यांच्या फॅशनेबल बुटांपेक्षा घोट्यापर्यंतचे, खोल खाचांचे बूट हवेत. साडी नेसणाऱ्यांनी या एका दिवशी तरी पँट किंवा सलवार घालावी. मेंढ्यांची लेंडं आणि काटेरी तारा दोन्ही वाटेत आहेत. उंच गवतात गोचिड्या असतात, म्हणून पाय झाकलेले असावेत आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत नीट बघावं. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. पुढे त्या जागी लाल गोल चट्टा पसरू लागला तर डॉक्टरकडे जायचं.

कधी यावं? मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री सव्वानऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारला अंधार. एप्रिलच्या अखेरीस आलात तर वेस्ट वुड्समध्ये ब्लूबेलची निळी फुलं जमीन झाकून टाकतात. 20-21 जूनला मात्र टाळा. उत्तरायण-दक्षिणायनाच्या टोकाला इथं ड्रुइड पंथाचे आणि इतर अनेक लोक जमतात, वाहनतळाचे नियम बदलतात. तो सोहळा बघायलाच यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

जेवणाचं. पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला बंद होऊन संध्याकाळीच उघडतं, त्यामुळे आधी चालून मग चारला जेवू, असा बेत केला की चिप्सच्या पाकिटावर भागवावं लागतं. शाकाहारींना भाजलेला बटाटा-बीन्स-चीज, सूप, सँडविच हमखास मिळतं. कडक शाकाहारी असाल तर चिप्स कुठल्या तेलात तळता, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी मासे आणि चिप्स एकाच तेलात निघतात. विचारलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून मिळते. गाव सोडल्यावर वाटेत स्वच्छतागृह नाही, तेव्हा निघण्याआधी वाहनतळाजवळचं किंवा संग्रहालयाजवळचं वापरून घ्या.

विदर्भातल्या वाचकांना एव्हबरी पाहिल्यावर नागपूरजवळचं जुनापाणी आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथली शिळावर्तुळं लोहयुगातली, म्हणजे एव्हबरीहून दीडएक हजार वर्षांनी तरी अलीकडची. आकारानं बरीच लहान, पण संख्येनं खूप. मुख्य फरक असा की विदर्भातली वर्तुळं दफनाची आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथं शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननांत लोखंडी अवजारं, घोड्यांचे दागिने मिळाले. एव्हबरीचं वर्तुळ तसं दफनाचं नाही. जुनापाणीचं पहिलं खोदकाम करणारे रिव्हेट-कार्नाक एकोणिसाव्या शतकात नागपुरातले इंग्रज अधिकारीच होते आणि तिथल्या दगडांवरच्या खळग्यांची तुलना ते ब्रिटनमधल्या दगडांशी करत होते. एव्हबरीच्या शेजारी मेंढ्या आणि फलक आहेत, जुनापाणीच्या शेजारी काय आहे ते आपल्या नागपूर आवृत्तीनं एकदा जाऊन बघावं.

दोन दिवस हातात असतील तर दुसऱ्या दिवशी त्याच 49 बसनं डिव्हायझेसला जावं. तिथल्या विल्टशर म्युझियममध्ये स्टोनहेंजजवळच्या बुश बॅरो थडग्यातलं सोनं आहे आणि गावाबाहेर कॅन हिलवर कालव्याची 29 पाणकुलपं (बोटी टप्प्याटप्प्यानं चढवणारे-उतरवणारे दरवाजे), त्यातली 16 एका सरळ रांगेत टेकडी चढतात. चालायला त्रास असलेल्यांनी मोठी फेरी सोडून गाव, चर्च, कोठार आणि वर्तुळाचा नैर्ऋत्य भाग एवढंच करावं. कोठारापर्यंत रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, वर्तुळात मात्र गवत आणि झुलती फाटकं आहेत. व्हीलचेअर किंवा बाबागाडी तिथं अडते.

पुरवणीच्या पुढच्या अंकात निदान बसचा क्रमांक, रेलकार्डाची माहिती आणि सिल्बरीवरची बंदी एवढं चौकटीत छापावं, ही विनंती. एका दिवसात तीन ठिकाणांच्या बेताला पर्याय आहे, हे उन्हाळी सुट्टीची तिकिटं काढण्याआधी वाचकांना कळलं पाहिजे.

आपले,
विल्टशरमधले काही मराठी वाचक